आवाजाची पेटी : कर्ण्यापासून संगणकापर्यंत

घरातली एखादी खोली ध्वनिमुद्रणासाठी राखून ठेवावी, हा विचार पांढुर्णा-सौंसरकडील मराठी घरांत आता नवलाचा राहिलेला नाही. कुणाचा मुलगा तबला शिकतो, कुणाच्या ओसरीवर भजनी मंडळ जमते, कुणाला आजीच्या तोंडच्या ओव्या जपून ठेवावयाच्या असतात. मग प्रश्न सुरू होतात : संगणक कोणता, मायक्रोफोन कोणता, या दोहोंना जोडणारा डबा कोणता, आणि हे सारे सीताबर्डीवर जाऊन पारखून घ्यावे की घरपोच मागवावे. दुकानदार या प्रश्नांची उत्तरे किमतीच्या भाषेत देतो. आम्हांला ती थोडी इतिहासाच्या अंगाने शोधावीशी वाटतात. आवाज पकडणारे यंत्र कोणाच्या हाती होते आणि त्याची कुवत केवढी होती, यावरच गेल्या सव्वाशे वर्षांत मराठी गाण्यातले काय उरले आणि काय गेले हे ठरत आले आहे. आमच्या दोन गावांच्या बाबतीत तर ते अधिकच खरे आहे.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ झाला तो नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यास. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने फ्रेड गायझबर्ग हा आपला माणूस यंत्रसामग्रीसह पाठविला होता, आणि त्याने गौहरजानचा आवाज मेणाच्या तबकडीवर उतरविला. मायक्रोफोन तेव्हा नव्हताच. गाणाऱ्याने कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन खणखणीत गावयाचे. कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पातळ पडदा हाले आणि त्याला जोडलेली सुई मेणात रेघ ओढी. चूक झाली की तबकडी बाद. मेणाची मूळ तबकडी जर्मनीतील हॅनोव्हरला जाई, तेथे प्रती छापल्या जात आणि बोटीने परत येत. तेथील कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे म्हणून गाणे संपताच गायकाने आपले नाव उच्चारावयाचे, अशी पद्धत पडली. गौहरजानने इंग्रजीत उच्चारलेले स्वतःचे नाव त्या तबकड्यांवर आजही ऐकू येते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तासभर चालणारा ख्याल त्या मापात बसवावयाचा म्हणजे आलापाला फाटा देणे, तानांची घाई करणे ओघानेच आले. काही गायकांनी ही तडजोड साधली. काहींनी तिच्याकडे पाठ फिरविली. अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते, तरी त्यांच्या गाण्याची तबकडी मागे राहिली नाही. भास्करबुवा बखल्यांचीही नाही. ते १९२२ साली गेले आणि त्यांचे गाणे त्यांच्या शिष्यांच्या गळ्यांत तेवढे उरले. उलट अल्लादियाखाँच्याच शिष्या केसरबाई केरकर यांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. तीही साडेतीन मिनिटांचीच आहे. जुन्या तबकडीचे माप सूर्यमालेच्या बाहेर जाऊन पोचले, असे थोडे गमतीने म्हणता येईल.

कंपनीची माणसे कलकत्ता, मुंबई, मद्रास अशा ठिकाणी मुक्काम टाकीत. बाजार असेल तेथे कर्णा. छिंदवाडा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या कापूसबाजारांत येऊन भजने उतरवून घेण्याचे त्यांना कारण नव्हते. आमच्या वाट्याला ऐकणे आले. त्यातही एक मौज अशी की, त्या तबकड्या लाखेच्या असत, आणि ती लाख छोटा नागपूर व मध्य प्रांत येथल्या पळसांवर आणि कुसुमांवरच धरत असे. मुलूख लाख देत होता. आवाज मात्र दुसरीकडचा छापून येत होता.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला आणि गाण्याची जातच पालटली. कर्ण्याला मोठा आवाज लागे. मायक्रोफोनला कुजबूजही चाले. हळुवार गळ्याने कविता गाता येऊ लागली. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात १९३० च्या दशकाच्या आरंभी तबकडीवर आली आणि मराठी भावगीताचा उगम पुष्कळ जण तेथून धरतात. जोशी पुढे त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. भावगीत हा प्रकार कवीने आणि गायकाने घडविला हे खरेच. पण त्याला पाळण्यात घातले ते मायक्रोफोनने, असे आमचे मत आहे. यंत्र बदलले म्हणजे गाणे बदलते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठीत दुसरे नाही.

कंपनीला आमच्याकडे येण्याचे कारण नव्हते, सरकारला होते. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला. तो सगळा मराठीवर आहे, आणि त्यात वऱ्हाडी व नागपुरी या बोलींचा विचार आलेला आहे. सौंसर-पांढुर्ण्याची मराठी या नागपुरीच्याच घरातली. कागदावरच्या नमुन्यांनी उच्चार कळत नाही, म्हणून १९१३ पासून १९२९ पर्यंत प्रांतोप्रांतीच्या सरकारांकरवी बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या करविण्यात आल्या. बायबलातील उधळ्या पुत्राची कथा बोलीबोलींत भाषांतरित करून म्हणवून घ्यावयाची, ही त्यांची मुख्य रीत. तुलनेला ती सोयीची होती. सर्वांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे कोठे कोणता प्रत्यय बदलतो ते लगेच कळते. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथालयाने त्या तबकड्या आता सर्वांना ऐकण्यासाठी खुल्या केल्या आहेत. त्या ऐकताना आमच्या मनात एकच रुखरुख राहते : ज्या माणसांपाशी झडत्या होत्या, ओव्या होत्या, भुलाबाईची गाणी होती, त्यांना यंत्रापुढे बसवून परक्या देशातली कथा वाचावयास लावली. सर्वेक्षणाला प्रत्यय हवे होते, ते मिळाले. गाणी कोणी मागितली नाहीत.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले, तेव्हा नागपूर हीच आपली राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. रेडिओच्या लहरींना ती रेघ दिसली नाही. नागपूरची सकाळ आमच्या घरांत पूर्वीसारखीच उजाडत राहिली. पण ऐकण्याचा रस्ता मोकळा होता म्हणून गाण्याचा होता असे नाही. आकाशवाणीवर गावयाचे तर स्वरचाचणी द्यावी लागे. शिवाय १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने संवादिनीला आपल्या कार्यक्रमांतून दूर ठेवले होते. श्रुतींच्या शुद्धतेसाठी म्हणून तो निर्णय झाला. त्यामागचा संगीतविचार आम्ही समजू शकतो. परंतु ज्या भजनी मंडळांचा सारा डोलारा पेटी, खंजिरी आणि टाळ यांवर उभा, त्यांना त्या दारातून आत जाण्यास किती वाव उरला असेल हे उघड आहे. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने आमच्या मुलखातली घरे नि घरे जागविली. ते १९६८ साली गेले. त्यांच्या मागे गावोगावच्या मंडळांनी ती चाल कशी पुढे नेली, लय कोठे चढविली, कोणत्या गावी कोणता ठेका धरला, याचे त्या काळचे ध्वनिमुद्रण शोधू जाता हाती फारसे लागत नाही.

हे चित्र पालटले ते कॅसेटने. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली काढली. आमच्या घराघरांत ती पोचली १९८० च्या दशकात. तबकडी घरी वाजविता येई, पण घरी करता येत नसे. कॅसेटचे तसे नव्हते : लाल बटण आणि त्याशेजारचे बटण एकदम दाबले की घर हेच ध्वनिमुद्रणगृह. एकीकडे भक्तिगीतांच्या स्वस्त कॅसेटींचा मोठा बाजार उभा राहिला. पुण्यात अलूरकरांसारख्यांनी शास्त्रीय संगीत आणि पु. ल. देशपांडे घरोघरी नेले. दुसरीकडे, कोणाच्या हिशेबात न आलेली एक गोष्ट आमच्या माळ्यांवर साचत गेली. लग्नातली मंगलाष्टके, काकडआरती, एकादशीचे रात्रभराचे भजन, परगावी असलेल्या मुलाला पाठविलेले आईचे बोलणे, बारशाचे पाळणे. आमच्या मुलखातल्या मराठीचे, आमच्याच माणसांनी, आपखुशीने केलेले हे पहिले मोठे ध्वनिमुद्रण. त्याची यादी कोठेही नाही. चुंबकीय थराला बुरशी धरते, आतला दाब देणारा कापडी तुकडा सुटतो, फीत चिकटते. तीस-चाळीस वर्षे हे तिचे बऱ्यापैकी म्हातारपण समजावे. घरच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीचे पहिले काम नवे गाणे करण्याचे नसून हे जुने उतरवून घेण्याचे आहे, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

असे काम मराठीत कोणी पद्धतशीर केले आहे काय, तर केले आहे. पुण्यात गी प्वात्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. हजारावर गावे आणि तीन हजारांवर स्त्रिया त्यांत आल्या. १९९० च्या दशकात बेर्नार बेल हे फ्रेंच संशोधक त्यांना मिळाले आणि १२० तासांवर ध्वनिमुद्रण झाले. प्वात्व्हँ २००४ साली वारले. पुढे २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या लोकांपुढे ठेवण्यास आरंभ केला. बेल यांचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करावयाचा. १९८० च्या दशकातच त्यांनी जेम्स किपेन यांच्यासह तबल्याचे बोल आणि कायद्यांचे विस्तार यांसाठी ‘बोल प्रोसेसर’ ही संगणकाची आज्ञावली रचिली होती, तीही ॲपल कंपनीच्या त्या वेळच्या चिमुकल्या संगणकावर. आजच्या साध्या मोबाइलची ताकद त्याच्या हजारो पट आहे. संगणक लहान असल्याने काम अडले असे त्यांच्या बाबतीत झाले नाही. तबला ऐकणारा कान आधी होता, संगणक मागून आला.

संगणक गाण्यात शिरला तो असाच टप्प्याटप्प्याने. १९८३ साली ‘मिडी’ नावाचा करार होऊन निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ययंत्रे एकमेकांशी बोलू लागली. १९८५ च्या अटारी संगणकाला त्यासाठीची भोके मुळातच होती. १९८९ साली ‘साउंड ब्लास्टर’ हे ध्वनिपत्रक आले, आणि २००० साली ‘ऑडॅसिटी’ ही फुकट मिळणारी आज्ञावली. यापुढे स्टुडिओतले आणि घरातले अंतर पैशाचे कमी, जाणतेपणाचे अधिक राहिले. मूळ युक्ती सोपी आहे. आवाजाची लहर सेकंदाला हजारो वेळा मोजावयाची आणि ते आकडे लिहून ठेवावयाचे. १९८२ च्या सीडीने सेकंदाला ४४,१०० मोजण्या ठरविल्या, कारण तरुण माणसाच्या कानाची मर्यादा सेकंदाला वीस हजार कंपनांची आणि मोजणी तिच्या दुपटीहून थोडी अधिक लागते. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह-संस्थेची शिफारस याहून थोडी वरची, म्हणजे किमान ४८,००० मोजण्या आणि प्रत्येक मोजणी २४ बिटांची, अशी आहे. घरच्या कामासाठीही हेच माप धरावे. त्यात स्टिरिओचा एक तास सुमारे एक जीबी होतो. पाच तासांचे भजन पाच जीबी. आजच्या डिस्कच्या मानाने हे काहीच नव्हे, म्हणून जागा वाचविण्यासाठी मूळ मुद्रणच एमपी३ मध्ये करण्याचा मोह धरू नये. एमपी३ मध्ये तोच तास साठ एमबीत बसतो खरा. पण ऐकू येणार नाही असे समजून जे फेकून दिले जाते ते पुन्हा मिळत नाही. मूळ प्रत ‘वेव्ह’ची, वाटण्यासाठी एमपी३ची, असा व्यवहार ठेवावा.

आता खरेदीकडे वळू. पहिली खरेदी खोलीची, म्हणजे तिला पैसे लागत नाहीत. पांढुर्णा नागपूर-इटारसी या हमरस्त्यासारख्या वाहत्या लोहमार्गावर वसले आहे. मालगाडी गेली की तिची घरघर भिंतींतून आत येते आणि कानाला जाणवली नाही तरी मायक्रोफोनला जाणवते. म्हणून रुळांपासून लांबची, रस्त्याकडे खिडकी नसलेली, टिनाच्या नव्हे तर पक्क्या छताची खोली निवडावी. पाऊस टिनावर पडू लागला की कोणतेही यंत्र उपयोगाचे नाही. पंखा बंद. रिकाम्या चौकोनी खोलीत आवाज भिंतींवर आपटून टाळीसारखा परत येतो. त्यावर बाहेरून फोमचे तुकडे मागविण्याची चाल पडली आहे. आम्ही कापसाच्या मुलखात राहतो. गाद्या, गोधड्या आणि लोड घरात मुबलक असतात. गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना गाद्या उभ्या करून पाहाव्यात. विरळ फोमपेक्षा दाट भरलेली कापसाची गादी बहुतेक वेळा सरस ठरते. खर्जाची घुमी मात्र गादीने जात नाही. ती मायक्रोफोनची जागा हातभर बदलून कमी होते. पुस्तकांचे उघडे कपाटही चांगले काम देते, हे आपल्या वाचकांना सांगताना आम्हांला विशेष आनंद होतो.

दुसरी खरेदी मायक्रोफोनची, आणि पैशाचा मोठा वाटा येथे जावा. दोन जाती आहेत. डायनॅमिक जातीचा मायक्रोफोन दणकट, जवळचेच ऐकणारा. सभेत वक्त्यापुढे असतो तो हा. कंडेन्सर जातीचा नाजूक आणि तीक्ष्ण कानाचा; त्याला ४८ व्होल्टचा दाब बाहेरून पुरवावा लागतो आणि तो शेजारच्या घरातली शिट्टीसुद्धा टिपतो. जाहिराती सर्वांना कंडेन्सरकडे ओढतात. ज्याची खोली शांत नाही त्याने त्या नादी लागू नये, हे आमचे स्पष्ट मत. भजनाला तर दोन साधे डायनॅमिक पुरतात : एक गाणाऱ्यापाशी वीतभर अंतरावर, दुसरा पेटी-तबल्याच्या मध्ये. टाळ आणि खंजिरी यांना वेगळा मायक्रोफोन देण्याची गरज नाही; ते पहिल्या दोहोंत भरपूर येतात, उलट त्यांना दोन हात मागे बसवावे लागते. आजीच्या ओव्यांचे तंत्र निराळे. तेथे आवाज क्षीण, खोलीही बहुधा तिचीच. कंडेन्सरचा खरा उपयोग तेथे. जाते अजून घरात असेल आणि फिरविण्याची ताकद असेल तर तिला जात्यावर बसूनच म्हणू द्यावे. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यात आहे; खुर्चीवर बसविली की शब्द आठवतात, चाल अडखळते.

मायक्रोफोन आणि संगणक यांच्यामध्ये जो डबा लागतो त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. दोन मायक्रोफोनांचा पुरे. त्याची पारख कशी करावी? मायक्रोफोन जोडून, कोणी काही न बोलता, आवाजाची कळ पुष्कळ वर नेऊन हेडफोनमध्ये ऐकावे. फुसफुस कमी ती वस्तू चांगली. दुसरा मुद्दा विलंबाचा. गायक स्वतःचा आवाज संगणकातून फिरून आलेला ऐकतो तेव्हा थोडा उशीर होतो. सेकंदाच्या हजार भागांपैकी पाच भाग उशीर म्हणजे पावणेदोन मीटरांवरचा तबला ऐकण्यासारखे, तो चालतो. वीस भाग झाले की तबलजी सात मीटर लांब जाऊन बसल्यासारखा होतो आणि लय सुटते. बहुतेक डब्यांना गाणे संगणकात न जाता थेट कानी देणारी कळ असते. ती आहे की नाही एवढे दुकानातच पाहून घ्यावे.

संगणकाविषयी लोक सर्वांत जास्त विचारतात, आणि खरे तर त्याविषयी सर्वांत कमी सांगण्यासारखे आहे. दोन मायक्रोफोनांचे भजन मुद्रित करण्यास गेल्या सात-आठ वर्षांतला कोणताही सुस्थितीतला लॅपटॉप चालतो. आठ जीबी स्मृती पुरेशी, सोळा असल्यास स्वस्थता. फिरती डिस्क काढून एसएसडी बसविली की जुन्या यंत्राला नवा जन्म मिळतो. पंख्याचा आवाज येत असेल तर तो गायकापासून दूर, शक्य तर दाराबाहेर ठेवावा. जुना घेताना एवढे पाहावे की विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली आहे. नवी आवृत्ती किंवा लिनक्स त्यावर चालते ना, याची खात्री करून घ्यावी. वीज जाणे आणि दाब खालीवर होणे हा आमच्याकडचा नेहमीचा पाहुणा, तेव्हा टेबलावरच्या संगणकाला यूपीएस हवाच. लॅपटॉप मुद्रणाच्या वेळी चार्जरवरून काढून केवळ बॅटरीवर चालविला तर पुष्कळदा गुणगुणही नाहीशी होते. ती गुणगुण विजेच्या पन्नास आवर्तनांची असते आणि बहुतेक वेळा घरच्या अर्थिंगमधून येते. नवी वायर मागविण्यापूर्वी वायरमनला बोलवावे.

आज्ञावलीच्या बाबतीत एका गोष्टीची धास्ती आम्हांला वाटते. ही सारी साधने अशा संगीतासाठी घडली आहेत की ज्यात लय ठोकळ्यांत बांधलेली असते. आज्ञावली उघडली की पडद्यावर मिनिटाला १२० ठोक्यांची चौकट आयती मांडलेली दिसते आणि टिकटिक सुरू होते. भजनाची लय चढती. संथ आरंभ, मग दुगुन, आणि जयघोषापर्यंत टाळांची एकच धांदल. टिकटिक धरून गायिलेले भजन नीटनेटके होते आणि त्यातला जीव जातो. चौकट बंद करावी. स्वर ‘सरळ’ करणाऱ्या युक्त्याही तशाच. त्या बारा ठरीव स्वरांकडे गळ्याला ओढतात, आणि आमच्या बायांच्या ओवीतला गंधार त्या बारांत बसत नाही. आवाज ‘स्वच्छ’ करणाऱ्या कळीने मागची घरघर पुसली तर जातेच पुसले जाते. करावयाचेच तर प्रतीवर करावे. मूळ तसेच राहू द्यावे.

कॅसेटी उतरविण्यासाठी यूएसबीचे स्वस्त खेळणे न घेता एखादा जुना चांगला डेक मिळवून त्याचे पट्टे बदलून घ्यावेत. वाजविण्यापूर्वी कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा मागे गुंडाळून फीत मोकळी करावी. डोके स्पिरिटने पुसावे. मग डोक्याशेजारचा लहान स्क्रू पेचकसाने केसभर फिरवून पाहावा. आवाज एकदम उघडा, धारदार होतो ती त्या कॅसेटची जागा. प्रत्येक टेपरेकॉर्डरचे डोके थोडे वाकडे असे, म्हणून प्रत्येक कॅसेटची जागा निराळी. डेकची तार थेट डब्याला जोडावी. स्पीकरपुढे मोबाइल धरून उतरविलेले मुद्रण उतरविले असे समजू नये. ज्या कॅसेटवर आवाज एकाच माणसाचा आणि तो माणूस आता नाही, ती आधी घ्यावी. बाजारातली भक्तिगीते सर्वांत शेवटी, ती इतरांकडेही सापडतात.

आणि येथे हॅनोव्हरची गोष्ट उपयोगी पडते. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी गाणाऱ्याचे नाव, गाव, माहेर, तारीख आणि गाणे कोणाकडून शिकले ते मोठ्याने बोलून घ्यावे. फाइलचे नाव बदलते, कागद हरवतो; आवाजातच असलेली ओळख आवाजाबरोबर राहते. माहेर विचारणे विशेष महत्त्वाचे, कारण ओवी सासरी गायिली जात असली तरी येते माहेराहून, आणि आमच्याकडच्या सोयरिकी काटोल, नरखेड, वरूड, मुलताई अशा सर्व बाजूंनी होत आल्या आहेत. हे मुद्रण कोणाला ऐकविलेले चालेल, हेही तिलाच विचारून त्याच फाइलमध्ये ठेवावे. प्रती तीन कराव्यात : एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी, नागपूरच्या लेकीकडे म्हणा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. त्याचे स्वतःचे असे ध्वनिभांडार आज घरांतच विखुरलेले आहे. ते एकत्र येईल तेव्हा या तीन प्रतींपैकी निदान एक तरी वाजती असावयास हवी.

राहता राहिल्या झडत्या. पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे राहिले की जी सवालजवाबासारखी आरोळी उठते, ती खोलीत बोलावून आणता येत नाही, आणि म्हणून वर सांगितलेले जवळजवळ सारे साहित्य तिच्यापुढे निरुपयोगी आहे. तेथे हातात मावणारा, बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर लागतो, मायक्रोफोनवर वाऱ्यासाठी केसाळ टोपडे लागते. डफडे आणि माणसाचा आवाज यांत फरक फार, तेव्हा अलीकडे निघालेले ३२ बिटी फ्लोट प्रकारचे यंत्र मिळाल्यास घ्यावे. त्यात आवाजाची पातळी आधी अचूक बसवावी लागत नाही. नसेल तर डफडे सुरू झाल्यावर पातळी पाहून घ्यावी, आधी नव्हे. यंत्र म्हणणाऱ्याच्या बाजूला, बैलांच्या शिंगांपासून सुरक्षित अंतरावर धरावे. दुसऱ्याच दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते आणि गावाला दुसरे काही सुचत नाही. म्हणून नावे आणि गावे विचारून घेण्याचे काम पोळ्याच्या संध्याकाळीच, बैलांना पुरणपोळीचा घास देऊन झाल्यावर उरकावे.